संमतीने खुली नाती: समाधान, अडचणी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोडप्यांचे समुपदेशन करताना गेल्या काही वर्षांत एक विषय माझ्यासमोर वरचेवर येऊ लागला आहे. लग्न झालेली किंवा लग्नाशिवाय एकत्र राहणारी माणसे विचारतात, की दोघांच्या संमतीने नाते खुले ठेवता येते का, आणि ठेवले तर त्यात सुख लागते का. हा प्रश्न बहुतेकदा सत्राच्या शेवटच्या दहा मिनिटांत निघतो आणि त्याचे उत्तर घाईत द्यावे लागते. ते सवडीने द्यावे म्हणून हे लिहीत आहे. असे नाते कोणी पत्करावे किंवा नाकारावे, हे ठरवून देण्याचा माझा हेतू नाही. पत्करणाऱ्याने आणि नाकारणाऱ्याने डोळे उघडे ठेवून ते करावे, एवढीच माझी कळकळ आहे.

संमतीने खुले नाते म्हणजे नेमके काय?

दोन माणसांचे लग्नाचे किंवा प्रेमाचे नाते असताना, त्यांपैकी एकाने किंवा दोघांनी आणखी कोणाशी जवळीक ठेवली तरी चालेल, असे दोघांनी आधी बोलून, एकमेकांना पूर्ण माहीत असताना ठरवलेले असेल, तर त्याला संमतीने खुले नाते म्हणतात. त्याचे प्रकार बरेच आहेत. काही जोडपी फक्त शारीरिक संबंधांपुरती मोकळीक ठेवतात आणि मनाची गुंतवणूक मात्र आपापसांतच राहावी असे मानतात. बोलताना लोक ‘ओपन रिलेशनशिप’ म्हणतात ते बहुधा हेच. काही जोडपी मिळून दुसऱ्या जोडप्याला भेटतात, त्याला ‘स्विंगिंग’ म्हणतात. एकाच वेळी एकाहून अधिक माणसांवर प्रेम करणे आणि ते सर्वांना ठाऊक असणे, याला ‘पॉलिअ‍ॅमरी’ किंवा बहुप्रेम म्हणतात.

या चर्चेत कोणीतरी द्रौपदीचे उदाहरण हमखास काढतो. कुंतीच्या तोंडून शब्द गेला आणि पाच भावांत वाटणी झाली. द्रौपदीची इच्छा त्यात कोणी विचारली नाही. जिथे विचारणेच नाही, तिथे संमतीचा प्रश्न येत नाही, म्हणून ते उदाहरण इथे लागू पडत नाही. पहिल्या बायकोला न विचारता केलेल्या दुसऱ्या लग्नांनाही हेच लागू आहे.

‘एकनिष्ठ’ हा शब्द मी पुढे मुद्दाम टाळला आहे, कारण खुल्या नात्यातील माणसेही आपापल्या शब्दाशी निष्ठावान असू शकतात. त्याऐवजी ‘दोघांपुरते नाते’ असे म्हटले आहे.

हे विवाहबाह्य संबंधांनाच दिलेले गोड नाव आहे का?

नाही. विवाहबाह्य संबंधात जोडीदाराला अंधारात ठेवलेले असते आणि बहुतेकांना जी जखम होते ती फसवले गेल्याची असते. संमतीने खुल्या नात्यात लपवाछपवी नसते, किंवा नसायला हवी. ज्या क्षणी ठरलेल्या गोष्टी मोडून कोणी लपवू लागतो, त्या क्षणी खुल्या नात्यातही ती फसवणूकच ठरते. अमेरिकेत २०१२ मध्ये झालेल्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणातील २,२७० प्रौढांच्या माहितीत सुमारे ४ टक्के लोक खुल्या नात्यात होते, तर सुमारे ८ टक्के लोकांचे नाते ठरवून खुले नसतानाही बाहेर संबंध चालू होते. ज्या समाजात या विषयावर उघड बोलता येते तिथेही न सांगता वागणारे सांगून वागणाऱ्यांच्या दुप्पट निघावेत, हे विचार करण्यासारखे आहे.

मराठी वाचकाला हा वाद अगदीच अनोळखी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि स्त्रीलाही पुरुषाइतकाच कामसुखाचा हक्क आहे, असे सातत्याने लिहिले. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखामुळे १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला, आणि १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडूनही त्यांना दंड भरावाच लागला. कर्व्यांची सगळीच मते मला पटत नाहीत. पण शंभर वर्षांपूर्वी मराठीत जे स्वच्छ शब्दांत लिहिले जात होते, ते आज कुजबुजत बोलावे लागावे, याचे वाईट वाटते.

अशा नात्यातील माणसे खरोखर समाधानी असतात का?

यावर आता केवळ आपापल्या मतांनी बोलण्याची गरज उरलेली नाही. ऑस्ट्रेलियातील ला ट्रोब विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०२५ मध्ये ३५ अभ्यासांचे आकडे एकत्र करून, प्रामुख्याने अमेरिका आणि युरोपातील २४,४८९ लोकांची माहिती तपासण्यात आली. दोघांपुरत्या नात्यातील आणि खुल्या नात्यातील माणसांच्या नात्याविषयीच्या समाधानात, तसेच लैंगिक समाधानात, सांगण्याजोगा फरक आढळला नाही. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी नीट घ्यायला हवा. खुले नाते म्हणजे हमखास विध्वंस, हे त्यातून खोटे ठरते. पण खुले नाते म्हणजे अधिक सुख, असेही त्यातून सिद्ध होत नाही.

मिशिगन विद्यापीठाच्या टेरी कॉनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २,१२४ लोकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात खुल्या नात्यातील लोकांनी मत्सर कमी आणि विश्वास अधिक असल्याचे सांगितले होते. मात्र खुल्या नात्यांचे सगळे प्रकार सारखे निघाले नाहीत: बहुप्रेमी नात्यातील लोक केवळ शारीरिक मोकळीक ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी होते. मला हे स्वाभाविक वाटते. मन गुंतू द्यायचे नाही, असा नियम कागदावर सोपा असतो. तो पाळताना माणसाला स्वतःवरच पहारा ठेवावा लागतो.

या विषयावरचा मला सर्वांत उपयोगी वाटणारा अभ्यास अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाचा आहे. तिथल्या संशोधकांनी १,६५८ लोकांची उत्तरे तपासताना ‘नाते खुले आहे का’ एवढेच विचारले नाही. दोघांची संमती किती, आपापसांतील बोलणे किती आणि हे सगळे चालू असताना मनाला वाटणारा निवांतपणा किती, या तीन गोष्टी मोजल्या. त्यातून वेगवेगळे गट पडले. दोघांपुरत्या नात्यात असणारे आणि दोघांच्या पूर्ण संमतीने नाते खुले ठेवणारे, हे दोन्ही चांगल्या स्थितीत होते. सर्वांत दुःखी गट होता तो एकतर्फी मोकळिकीचा, जिथे एकाला दोघांपुरतेच नाते हवे होते आणि दुसरा बाहेर जात होता. त्यातील जवळपास ६० टक्के लोक नात्याविषयी तीव्र असमाधानी होते आणि हे प्रमाण वरच्या दोन गटांच्या सुमारे तिप्पट होते. दार उघडे की बंद, यापेक्षा ते दोघांनी मिळून उघडले का, यावर समाधान अवलंबून असते, असे मी यातून घेते.

हे अभ्यास आपल्याकडच्या जोडप्यांना लागू होतात का?

जपूनच लागू करावेत. यांतील बहुतेक अभ्यासांत भाग घेणारे लोक पाश्चात्त्य, शिकलेले, शहरी आणि स्वतःहून प्रश्नावली भरायला आलेले असतात. ज्यांचे नाते खुले केल्यावर तुटले, ते पुढच्या वर्षी ‘आम्ही खुल्या नात्यात आहोत’ असे सांगायला उरत नाहीत, त्यामुळे चित्र आहे त्याहून थोडे उजळ दिसण्याची शक्यता असते. शिवाय त्या देशांत स्त्री बहुधा स्वतः कमावती असते, वेगळी राहू शकते आणि सासर-माहेर या दोन्ही घरांच्या नजरेखाली जगत नाही. डेटिंग अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्या भारतीयांच्या वागण्याबद्दल अधूनमधून जे आकडे प्रसिद्ध करतात, ते तर जाहिरातीच्या रकान्यातच वाचावेत.

समाधान मिळते ते नेमके कशातून?

ज्यांचे बरे चालले आहे अशी माणसे मला जे सांगतात, त्यात शरीरसुखाचा उल्लेख अपेक्षेपेक्षा कमी असतो. आपल्या जोडीदारापासून काही लपवावे लागत नाही, याचा सुटकारा ती आधी सांगतात. लग्नाला बारा-पंधरा वर्षे झालेली एक बाई म्हणाली होती, की “आम्ही पहिल्यांदाच किराणा आणि मुलांच्या फीव्यतिरिक्त कशावर तरी तासभर बोललो.” दोघांच्या इच्छा जुळत नसतील, एकाला शारीरिक जवळीक हवी आणि दुसऱ्याला आजारपणामुळे किंवा मुळातच ती नको असेल, तर एकमेकांना दोष न देता एकत्र राहण्याची वाट काहींना यात सापडते. स्त्री आणि पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या माणसाला स्वतःचा एक भाग कायमचा दडपून ठेवावा लागत नाही.

जोडीदाराचा दुसऱ्यासोबतचा आनंद पाहून स्वतःला आनंद होणे, अशी एक भावना खुल्या नात्यातील लोक सांगतात. तिच्यासाठी अमेरिकेत ‘कम्पर्शन’ असा खास शब्द घडवला गेला. सॅन फ्रान्सिस्कोमधील ‘केरिस्टा’ या सहजीवनी गटात तो रूढ झाला. आपल्याकडे पातंजल योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांची जोड येते. त्यातील मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने प्रसन्न होणे, ही तिच्या जवळची. मात्र ही भावना सर्वांना येतेच असे नाही आणि ती आली नाही म्हणून कोणी कोत्या मनाचे ठरत नाही.

माझा होकार खरा आहे की नाही, हे कसे ओळखावे?

साऱ्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो.

ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या हो म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. नवऱ्याने एके दिवशी ‘आपण नाते खुले करू या’ असे सांगितले आणि बायकोने मान हलवली, तर तेवढ्यावरून संमती झाली असे मी मानत नाही. तिच्या नावावर घर आहे का, स्वतःचे बँक खाते आहे का, भांडण झाले तर महिनाभर राहायला जाता येईल अशी जागा आहे का, माहेरी हे सांगता येईल का, आणि नकार दिला तर घरात अबोला, टोमणे किंवा मारहाण सुरू होईल का, हे मी आधी पाहते. आपल्याकडे ‘पदरी पडले पवित्र झाले’ म्हणत मुलींना निमूटपणे स्वीकारायला शिकवलेले असते. त्याच सवयीने दिलेला होकार कितीही शांतपणे दिलेला असला, तरी तो पुढे सलतो. पुरुषांवरही दबाव येतो. ‘तू एवढा आधुनिक म्हणवतोस ना’ या वाक्याने गप्प केलेले नवरे मी पाहिले आहेत.

खऱ्या होकाराची एक साधी परीक्षा मी सुचवते. दोघांनी वेगवेगळे बसून लिहावे, की उत्तर ‘नाही’ आले तर आपल्या घरात उद्या सकाळी काय होईल. ‘थोडे वाईट वाटेल, पण चहा नेहमीसारखाच एकत्र होईल’ असे दोघांनी लिहिले, तर पुढे बोलायला हरकत नाही. एकाने ‘तो मला सोडून जाईल’ असे लिहिले, तर आधी त्या भीतीवर बोलावे. नाते खुले करण्याचा विषय बाजूला ठेवावा. शिवाय होकार एकदाच देऊन संपत नाही. कालचे हो आज मागे घेता आले पाहिजे आणि ते मागे घेतल्यावर ‘आता सगळे ठरलेले असताना तू मोडतोस’ असा ठपका बसता कामा नये.

जोडीदार दुसऱ्या कोणाशी संबंध ठेवायला भाग पाडत असेल, तर ते खुले नाते नव्हे, तो अत्याचार आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये लैंगिक छळाचा स्पष्ट समावेश आहे आणि मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

एकाला हवे आहे आणि दुसऱ्याला नको आहे. मधला मार्ग निघतो का?

फार क्वचित. एकाने बाहेर संबंध ठेवायचे आणि दुसऱ्याने स्वखुशीने घरापुरते राहायचे, अशी जोडपी असतात आणि त्यांतली काही सुखात असतात, पण तिथे घरापुरते राहणाऱ्यालाही मोकळीक असते आणि ती त्याने आपणहून वापरलेली नसते. ‘मला चालेल, तुला चालणार नाही’ हा व्यवहार टिकत नाही. न पटणाऱ्या माणसाने तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत राहण्यापेक्षा, आपल्या दोघांच्या गरजाच वेगळ्या आहेत हे मान्य करून सन्मानाने दूर होणे मला अधिक प्रामाणिक वाटते. हे लिहिणे सोपे आहे आणि करणे कठीण, याची मला जाणीव आहे.

संसार मोडायच्या बेतात आहे. नाते खुले केल्याने तो सावरेल का?

माझा अनुभव सांगतो की सावरत नाही. नाते खुले करण्याच्या विचारात असलेल्या लोकांचा काही काळ पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०२१ मध्ये कॅनडातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. ज्यांनी प्रत्यक्षात नाते खुले केले, त्यांचे लैंगिक समाधान वाढले. पण नात्याची एकूण गुणवत्ता न खुले करणाऱ्यांच्या तुलनेत सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. म्हणजे जे भांडण सासूवरून, पैशावरून किंवा जुन्या अपमानावरून आहे, ते तिसऱ्या माणसाच्या येण्याने मिटत नाही. एकाचे लपवलेले प्रकरण उघडकीस आल्यावर ‘मग आता नाते खुलेच करून टाकू’ असे म्हणणारी जोडपी येतात, तेव्हा मी त्यांना काही महिने थांबायला सांगते. झालेल्या गोष्टीला मागून परवानगीचा शिक्का मारल्याने विश्वास परत येत नाही.

मत्सर वाटतो. याचा अर्थ हे नाते मला झेपणारे नाही, असा घ्यावा का?

लगेच नाही. मत्सर खुल्या नात्यात वाटतो आणि दोघांपुरत्या नात्यातही वाटतो. फरक एवढाच की खुल्या नात्यात तो बोलून दाखवण्यावाचून गत्यंतर नसते. मत्सर या एका शब्दाखाली पुष्कळ वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कधी सोडून दिले जाण्याची भीती असते, कधी स्वतःच्या वयाची किंवा रूपाची लाज असते, आणि कधी अगदी रास्त तक्रार असते: तो तिच्यासाठी वेळ काढतो, पण माझ्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी त्याला रजा मिळत नाही. शेवटच्या गोष्टीला मत्सर म्हणून उडवून लावणे हा अन्याय आहे. तिथे मन मोठे करायला सांगू नये. रजा काढायला सांगावे.

मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, जोडीदाराचा फोन वाजला की छातीत धडधडत असेल आणि हे काही आठवड्यांत ओसरत नसेल, तर शरीर नकार देत आहे असे समजावे आणि तो नकार मानावा.

नियम कोणते ठेवावेत? आणि ‘विचारू नको, सांगू नको’ हा नियम चालतो का?

नियम प्रत्येक जोडप्याचे वेगळे असतात, पण दोघांच्या डोक्यात तेच नियम आहेत का, हे तपासणे सर्वांना लागू आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ५६६ समलिंगी पुरुष जोडप्यांच्या एका अभ्यासात ४५ टक्के जोडप्यांचे नाते दोघांपुरते होते, ४७ टक्क्यांचे खुले होते, आणि उरलेल्या ८ टक्के जोडप्यांत, आपले नेमके काय ठरले आहे याबाबत दोघांची उत्तरेच जुळली नाहीत. समलिंगी पुरुषांत या विषयावर बोलण्याची सवय इतरांहून जास्त असूनही असे व्हावे, तर ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द उच्चारले आहेत त्यांनी किती काळजी घ्यायला हवी, हे उघड आहे.

घरात कोणाला आणायचे की नाही, ओळखीतल्या, ऑफिसातल्या किंवा नात्यातल्या माणसांना वर्ज्य मानायचे का, रात्री मुक्काम चालेल का, किती सांगायचे आणि काय सांगायचे नाही, फोटो काढायचे की नाही, खर्च कोणाच्या पैशातून करायचा, यांवर आधी बोलावे. खर्चाचा मुद्दा लोक संकोचाने टाळतात आणि नंतर त्यावरूनच वाद होतो.

‘विचारू नको, सांगू नको’ या नियमाने सुरुवातीला शांतता मिळते. पण त्यात आजार, गर्भधारणा, मन गुंतणे या सांगायलाच हव्यात अशा गोष्टीही दडून राहतात, आणि कल्पनेतले चित्र खऱ्यापेक्षा भयंकर होत जाते. तपशील नकोत हे मी समजू शकते; माहितीच नको, हे मला धोक्याचे वाटते.

तिसऱ्या माणसाचे काय?

त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मी इथे मुद्दाम लिहिते. जोडपे आपले नियम बनवते, ते मोडते, पुन्हा बनवते, आणि बाहेरून आलेल्या माणसाने ते ऐकून घ्यावेत अशी अपेक्षा असते. एकाहून अधिक जोडीदार असलेल्या १,३०८ लोकांच्या २०१७ च्या एका अभ्यासात दिसले, की मुख्य जोडीदाराच्या नात्याला घरच्यांची आणि मित्रांची मान्यता अधिक मिळते, तर दुसऱ्या नात्यात लपवाछपवी अधिक असते.

आपल्याकडे हे सणावाराला सर्वांत जास्त बोचते. घरी गणपती बसतो, तेव्हा दहा दिवस त्या माणसाला फोनही येत नाही. दिवाळीच्या फराळाला तो ‘ऑफिसमधला मित्र’ म्हणून येतो आणि पाहुण्यासारखा चकल्या खाऊन जातो. जोडीदार रुग्णालयात असेल, तर अर्जावर नातेवाईक म्हणून त्याचे नाव लागत नाही आणि भेटीच्या वेळेत दाराशी कोण म्हणून थांबावे हे त्याला कळत नाही. जे जोडपे आपल्या समाधानाबद्दल बोलते, त्याने या माणसाच्या एकटेपणाचाही हिशेब मांडावा, असे मला मनापासून वाटते. निदान पहिल्या भेटीतच त्याला खरे सांगावे: आम्ही विवाहित आहोत, हे ठरवून केले आहे, आणि आमच्याकडून तुला एवढेच मिळू शकेल.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ घटनाबाह्य ठरवले, तेव्हापासून व्यभिचार हा भारतात गुन्हा राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही. त्यामुळे सज्ञान माणसांचे संमतीने ठेवलेले संबंध हा पोलिसांचा विषय नाही. सैन्यदलांतील लोकांनी मात्र ध्यानात ठेवावे, की त्या निकालाचा सैन्यदलांच्या शिस्तीच्या कायद्यांवर परिणाम होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

गुन्हा नसला, तरी जोडीदाराखेरीज इतराशी संबंध हे हिंदू विवाह अधिनियम, १९५५ आणि विशेष विवाह अधिनियम, १९५४ या दोन्हींखाली घटस्फोटाचे कारण आहे. इथे खुल्या नात्याच्या दृष्टीने एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३ नुसार, ज्या कृत्याला अर्जदाराची स्वतःची साथ किंवा मूक संमती होती, किंवा ज्याला त्याने क्षमा केली, त्याच कृत्यावर बोट ठेवून त्याला व्यभिचाराच्या कारणाने घटस्फोट मागता येत नाही. पण संमती होती हे सिद्ध कसे करणार, हा प्रश्न उरतोच. बंद दारामागच्या बोलण्याला बहुधा साक्षीदार नसतो. दोघांनी लिहून ठेवलेला कागद एकमेकांच्या समजुतीसाठी चांगला असला, तरी न्यायालय तो कराराप्रमाणे अंमलात आणेल अशा भरवशावर राहू नये. ‘व्यभिचारात राहणाऱ्या’ पत्नीला फौजदारी प्रक्रियेखालची पोटगी नाकारण्याची जुनी तरतूद भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये कायम आहे, आणि पतीच्या वागण्याला अशी कात्री नाही. खुल्या नात्याची कायदेशीर जोखीम बाईवर जास्त पडते ती अशी.

या दोन अधिनियमांखालचे पहिले लग्न कायम असताना दुसरे लग्न करणे हा मात्र न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे आणि त्याला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. पहिले लग्न लपवले असेल, तर १० वर्षांपर्यंत. खासगी क्षणांचे चित्रण संमतीशिवाय करणे किंवा पसरवणे हाही गुन्हा आहे, आणि धमकावणी सुरू झाली तर पैसे न देता सायबर पोलिसांकडे जावे. आपल्या बाबतीत पाऊल उचलण्यापूर्वी कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

आरोग्याची कोणती काळजी घ्यावी?

निरोध प्रत्येक वेळी वापरावा, आणि त्याने एचआयव्ही, गनोरिया यांसारख्या आजारांपासून चांगले संरक्षण मिळाले, तरी त्वचेच्या स्पर्शाने पसरणाऱ्या जननेंद्रियांवरील नागीण (हर्पिस) आणि एचपीव्ही (मस आणि कर्करोग घडवू शकणारा विषाणू) यांपासून पूर्ण संरक्षण मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. हिपॅटायटिस बीची लस घ्यावी आणि एचपीव्हीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त होऊ नये. संसर्ग तपासणीत दिसायला एचआयव्हीच्या बाबतीत, चाचणीच्या प्रकारानुसार, काही आठवडे ते तीन महिने लागू शकतात. निरोध फाटला किंवा धोका वाटला, तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही-प्रतिबंधक औषध सुरू करावे लागते आणि ते २८ दिवस घ्यावे लागते. जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले.

सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय होते, गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात आणि माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. डॉक्टर लग्न झाले आहे का एवढेच विचारून पुढे जातात. तेव्हा एकाहून अधिक जोडीदार आहेत हे आपणच सांगावे.

मुलांना आणि घरच्यांना सांगावे का?

लहान मुलांना आई-बाबांच्या शरीरसंबंधांची माहिती देण्याची गरज कोणत्याच घरात नसते. त्यांना हवे असते ते वेळेवर जेवण, ठरलेल्या वेळी घरी येणारी माणसे आणि सारखी न बदलणारी माया. म्हणून नवी ओळख मुलांपर्यंत लगेच नेऊ नये; मूल त्या माणसाला जीव लावते आणि नाते संपल्यावर त्याला काय झाले हेही कोणी सांगत नाही. मुलगा किंवा मुलगी मोठी असेल आणि तिने सरळ विचारले, तर खोटे बोलू नये.

घरच्यांना सांगायचे की नाही, हे ज्याचे नुकसान जास्त होणार त्याने ठरवावे, आणि सोसायटीत, नोकरीत, नात्यागोत्यात ते नुकसान बहुधा बाईचे होते. एकाने उत्साहात मित्राला सांगितले आणि दुसऱ्याच्या माहेरपर्यंत बातमी पोहोचली, असे माझ्यासमोर घडलेले आहे. किमान एक विश्वासू माणूस मात्र दोघांनाही असावा.

एकदा खुले केलेले नाते पुन्हा दोघांपुरते करता येते का?

येते, आणि अनेक जोडपी तसे करतात: बाळ होणार असते, कोणी आजारी पडते, बदली होते, किंवा नुसताच थकवा येतो. वेळ ही कोणालाच जास्त मिळत नाही, आणि दोन नाती नीट सांभाळायची तर झोप, मित्र, व्यायाम यांतून ती काढावी लागते. नाते पुन्हा आवरते घेणे म्हणजे हरणे, असे मानू नये.

फक्त त्या वेळी तिसऱ्या माणसाला एका संदेशात निरोप देऊन मोकळे होऊ नये. त्यानेही दोन-तीन वर्षे त्याच्या बाजूने जीव लावलेला असू शकतो. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने त्याला घरी जेवायला बोलावले, दोघांनी मिळून काय ठरले ते सांगितले, त्याचा राग ऐकून घेतला आणि नवरा त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेला. परतायला त्याला बराच उशीर झाला. बायको जागी होती, आणि त्या रात्री तिने काही विचारले नाही.